सोसायटीतला पाऊस हद्दपार कसा करावा

मे महिन्यात कमिटीची मीटिंग बोलवा आणि विषय एकच ठेवा: आवारातली माती. तिच्यात पाणी मुरतं हा तिचा गुन्हा, आणि चपलेला चिखल लागतो हा त्याहून मोठा. पेव्हर ब्लॉक बसवून टाका.

ठेकेदार शिकलेला निघाला तर झिरपत्या फरसबंदीचं काढील. खाली फूटभर धुतलेली खडी, भुकटी अजिबात नाही; वर बारीक खडी, सांध्यांतही तीच. खडीच्या थरात तिसरा हिस्सा तरी पोकळी असते, तिथे पाणी थांबून सावकाश जमिनीत उतरतं. त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्याला खाली चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, वर क्रश सँड, सांध्यांत सिमेंटची स्लरी. वरून ब्लॉकच दिसतात. वार्षिक अहवालात ‘पर्यावरणपूरक’ लिहायला कोण अडवतंय?

हिशेब पाहा. हजार चौरस मीटर आवारावर तासात ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर. दहा हजारांचे पाच टँकर, बहुतेक सगळे गेटबाहेर. एप्रिलमध्ये तेच विकत घ्या, टँकरवाल्यालाही पोरंबाळं आहेत.

वाफे रस्त्यापेक्षा उंच ठेवा, भोवती अखंड कठडा. वाफा खोलगट करून कठड्याला खाच पाडली, तर पार्किंगमधलं ऑइल आणि टायरची काळी भुकटी मातीतच अडकेल. मग नदीला काय पाठवणार? कोणी हट्ट धरला तर डासांची भीती घाला. नीट बांधलेल्या वाफ्यातलं पाणी एक-दोन दिवसांत मुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, असं एखाद्या काकांनी काढलंच, तर चर्चा पार्किंगच्या भाड्यावर न्या.

गच्चीचे पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडा. मैलावाहिनी पावसाच्या मापाची नसते, त्यामुळे जोराची सर आली की झाकण उचललं जातं आणि तळमजल्याच्या बाथरूममध्ये उलटा प्रवाह सुरू होतो. तळमजलेवाले तसेही मेंटेनन्सवरून कटकट करतात. पावसाळी गटाराचा काढलेला गाळ मात्र चेंबरच्या कडेलाच रचा. पहिल्या सरीला आपापल्या घरी जाईल.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा लोकांच्या घरांत शिरला. तसं काही पुन्हा झालं तर ‘ढगफुटी’ म्हणा; ढगाला नोटीस बजावता येत नाही. आणि तुमच्याच बेसमेंटमध्ये पाणी साचलं तर पंप लावून पाइप शेजारच्या सोसायटीच्या भिंतीवरून सोडा, पण रात्री दोननंतर. तेव्हा त्यांचा वॉचमन झोपलेला असतो.