अस्वलाचा हिशेब

जुन्नरकडे बिबट्याने माणूस मारला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाला दिसेल तिथे गोळ्या घालायच्या असतात, दुसऱ्याला नुसता पिंजरा लावला तरी उमाळे येतात. या वेळी मावसभावाने मलाही ओढलं. तपकिरी अस्वलाच्या धुडाशेजारी दात काढून बसलेल्या शिकाऱ्याचा फोटो आणि खाली, 'ताई, ही तुमच्या अलास्काची सुधारणा!'

मला शिकार आवडत नाही. तरी टोमणा झोंबला.

मारलेल्या अस्वलाचं कातडं आणि कवटी इथे फिश अँड गेमच्या, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या, ऑफिसात दाखवावी लागते. शेजाऱ्याबरोबर मी एकदा गेले होते. टेबलावर ओलं, जड कातडं पसरलं तसा कुबट वास खोलीभर झाला. तिथल्या बाईने कवटीची लांबी-रुंदी मोजली, नर की मादी ते पाहिलं, वय काढायला एक बारका दात उपटला आणि कातड्याला सील ठोकलं. एवढा आडदांड शेजारी, पण वह्या तपासायला दिलेल्या पोरासारखा उभा!

पिल्लांसोबतची मादी मारायची नाही. विमानाने रानात उतरलात तर त्या दिवशी अस्वलावर बंदूक उचलायची नाही. परराज्यातल्या शिकाऱ्याला गाइड किंवा इथला जवळचा नातेवाईक सोबत लागतो. जीव वाचवायला अस्वल मारलं तरी ते तुमचं होत नाही. स्वतः सोलून कातडं-कवटी सरकारजमा करायची. आणि तुम्हीच उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यामुळे ते आलं असेल, तर जीव वाचवण्याची सबबही चालत नाही. आपल्याकडे 2018 मध्ये यवतमाळला अवनी वाघिणीला गोळी घातली, तिच्यावरून ग्रुप अजून भांडतो. ज्यांची घरं रानाला लागून आहेत, त्यांच्यातलं या ग्रुपवर एकही नाही.

हे सगळं मी लिहिलं. भावाने एका ओळीत उत्तर दिलं: 'आणि 2023 मध्ये कॅरिबू हरणं वाचवायला तुमच्याच राज्य सरकारने हेलिकॉप्टरमधून नव्वदच्या वर अस्वलं मारली, ती कुठल्या वहीत?' मी म्हटलं, ते सरकारचं काम, शिकाऱ्यांचं नव्हे, आणि प्रकरण कोर्टातही गेलं. उत्तर लंगडं होतं. पण ग्रुपवर अलास्काची बाजू घ्यायला मी एकटीच, सोडणार कशी?

इथे कुणी विचारलं, 'बिबट्या अंगणात येतो आणि तुम्ही काहीच करत नाही?' की मी तेवढ्याच तावातावाने वाघोबाच्या देवळांबद्दल सांगते. तेव्हा मला उसातला बिबट्याही आपला वाटतो. बहुधा समोर कोण आहे त्यावर माझी बाजू ठरते.

यंदा इथल्या कोडियाक बेटावरच्या अस्वलाच्या शिकार-परवान्याच्या सोडतीत नवऱ्याने अर्ज भरलाय. झुरळ दिसलं की मला हाक मारणारा माणूस! बाहेरच्यांना तपकिरी अस्वल मारायचा टॅग 1000 डॉलरला पडतो, रहिवाशांना 25. आम्ही रहिवासी. ग्रुपवर अजून कळवलेलं नाही.