रेसिंग पॅड टाकले म्हणून गाडी निम्म्या अंतरात थांबत नाही

कार ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला, जायचं तर सगळ्यात जास्त फ्रिक्शनचे (घर्षणाचे) रेसिंग पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबले जाणारे ब्रेकचे तुकडे) टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. सिरॅमिक मिळाले तर सोन्याहून पिवळं. पेडल मऊ पडलं तर पॅड हलके निघाले समजा. रस्त्यावरही तेच ठेवा, सुरक्षितता वाढते. पुढचे बदलले तरी पुरे.

आधी निम्म्या अंतराचं बघू. धडधाकट स्पोर्ट्स कारला कंपनीचेच पॅड असले तरी जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होतं. म्हणजे टायरची पकड तिथेच संपलेली असते. पॅडला त्याहून जास्त जोर असून उपयोग काय? एका ब्रेकमध्ये गाडी लवकर थांबायला हवी असेल तर पैसे टायरवर घाला. चांगल्या पॅडचं काम वेगळं: पहिल्या लॅपला (फेरीला) जसा ब्रेक लागला, तसाच आठव्या लॅपलाही लागला पाहिजे.

हे किती अवघड आहे ते ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर कळतं. तिसऱ्या आणि चौथ्या वळणांमधली सरळ पट्टी किलोमीटरभराहून लांब आहे. चालक धरून 1500 किलोची पोर्श केमन तिथे ताशी 220 किलोमीटरवरून 80 वर आणली, की साधारण 24 लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होते, आणि त्यातली बहुतेक ब्रेकमध्येच जाते. तेवढ्यात साडेसात लिटर नळाचं पाणी उकळेल. लॅपमध्ये असं वळण हे एकच नाही, आणि पुढच्या लॅपला सगळं पुन्हा आहेच. रस्त्याच्या पॅडचं मिश्रण धरून ठेवणारी राळ या तापमानाला जळायला लागते, फ्रिक्शन कोसळतं. म्हणून पॅड घेताना सर्वांत मोठा फ्रिक्शनचा आकडा शोधू नका, तो कोणत्या तापमानापर्यंत टिकतो ते विचारा. पॅडवर छापलेल्या ‘एफएफ’, ‘जीजी’ अशा फ्रिक्शनची श्रेणी सांगणाऱ्या अक्षरांवरही विसंबू नका. त्यामागची चाचणी साडेतीनशे अंशांच्या आसपास थांबते, तर ट्रॅकवर डिस्क पाचशेच्या पुढे सहज जाते. आपली डिस्क नेमकी किती तापते हे बघायचं असेल तर तिच्या कडेला लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात. अंदाजाने महागडे पॅड घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मऊ पेडलचा मुद्दा तर धोक्याचा आहे. पॅड फेड झाला, म्हणजे तापून त्याची पकड गेली, तर पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं: वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 155 वर येते. आपल्या पावसाळी हवेत वर्ष-दोन वर्षं गाडीत राहिलेलं ऑइल ट्रॅकवर नेलं, तर जगातला कुठलाही पॅड तुम्हाला वाचवणार नाही. निम्मे झिजलेले पॅडही ट्रॅकवर नेऊ नका. पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते.

सिरॅमिकबाबत सरळ घोळ आहे. पोर्शच्या पिवळ्या कॅलिपरमागे (पॅड धरून दाबणाऱ्या भागामागे) असते ती कार्बन-सिरॅमिक डिस्क, आणि तिला तिचेच खास पॅड लागतात. दुकानात ‘सिरॅमिक पॅड’ म्हणून मिळतात ते बहुतेक शांत चालावेत, चाकांवर काळी भुकटी कमी पडावी यासाठी बनवलेले असतात. ऑफिसला जायला उत्तम.

रस्त्यावर रेसिंग पॅड ठेवण्याने सुरक्षितता वाढते हेही उलटंच आहे. बरेच रेसिंग पॅड गार असताना नीट पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या उतारावर पहिला ब्रेक दाबाल तेव्हा ते गारच असणार. शिवाय किंचाळतात आणि डिस्क खातात. ट्रॅकला गाडी चालवतच जाणार असाल तर दोन्हींच्या मधला पॅड घ्या, नाहीतर तिथे पोचून बदला. बदललेत तर बेडिंग, म्हणजे नव्या पॅडचा थर डिस्कवर नीट बसवणं, टाळू नका. जुन्या पॅडचा थर डिस्कवर असताना दुसऱ्या कंपाउंडचा (मिश्रणाचा) पॅड घासला की थर असमान बसतो, स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजवाला ‘डिस्क वाकली’ म्हणून नवी विकतो.

पुढचेच बदलण्यात अर्धं तथ्य आहे. मागे जास्त चावरे (जोरात पकडणारे) पॅड घातले तर मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड आधी सुटू पाहते, ते कधीच करू नये. पण पुढे खूप चावरे आणि मागे कंपनीचेच ठेवले, तर मागचे ब्रेक नुसते बघत बसतात आणि तीही उष्णता पुढच्याच डिस्कवर येते.