पावसाच्या तोंडावर नेपाळला जावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जून महिन्यात नेपाळला जाण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : पावसाळ्याच्या तोंडावर हिमालयात जाण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे, ढगांमुळे शिखरे दिसत नाहीत, त्यामुळे खर्च वाया जातो, आणि जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळल्यानंतर तरी मराठी माणसाने असे लिहू नये. शेवटी, वृद्ध आईवडिलांना जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुक्तिनाथला न्यावे का, असेही आपण विचारले आहे.

अपघाताचा मुद्दा सर्वांत गंभीर असल्याने आधी त्याविषयी लिहितो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली ती बस रस्ता सोडून नदीत गेली आणि २७ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी १२ जुलैला, पहाटे साडेतीनच्या सुमारास, नारायणगढ–मुग्लिन मार्गावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यांत मिळून ६० हून अधिक माणसे होती. नेपाळमध्ये पावसाळ्यात जीव जातो तो बहुतांशी डोंगर कापून काढलेल्या या रस्त्यांवर, आणि म्हणूनच रात्रीच्या बसने कधीही जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगत आलो आहे. अंधारात चालकाला वर सुटलेली माती दिसत नाही आणि खाली खचलेली कडाही दिसत नाही. मात्र जून आणि ऑगस्ट यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. मोसमी पाऊस सामान्यतः जूनच्या मध्यास पूर्वेकडून नेपाळमध्ये शिरतो; जुलै-ऑगस्टपर्यंत डोंगरउतार पाण्याने पुरते भिजलेले असतात आणि दरडींचा जोर तेव्हा सर्वाधिक असतो. पहिल्या आठवड्यांत धोका नसतो असे नाही, पण तो कमी असतो, आणि दिवसाउजेडी प्रवास करणाऱ्याला तो आणखी कमी करता येतो.

शिखरांविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. जूनच्या उत्तरार्धात पोखऱ्यात अनेक दिवस राहूनही अन्नपूर्णेचे दर्शन होईलच असे नाही, आणि ज्याला केवळ शिखरेच पाहायची आहेत त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाट पाहावी. पण खर्च वाया जातो, हे मी मान्य करणार नाही. नेपाळी असार (आषाढ) महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे जूनच्या अखेरीस, तिथे भातलावणीचा दिवस साजरा होतो. चिखलात उतरलेली गावे गाणी म्हणत रोपे लावतात आणि दही-चिउरा (दही-पोहे) खातात. काठमांडूजवळच्या पाटणमध्ये रातो मच्छिंद्रनाथाचा उंच रथ पावसासाठीच ओढला जातो, आणि बहुतेक वर्षी जूनच्या सुमारास भोटो जात्रेने त्या उत्सवाची सांगता होते. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा ज्या मत्स्येंद्रनाथांपासून सांगितली जाते, त्यांनाच तिथली माणसे पाऊस आणणारा देव मानतात. मराठी वाचकाला हे पाहण्याची ओढ वाटली तर त्यात नवल नाही.

आपल्या प्रतिक्रियेत संपूर्ण नेपाळ एकसारखा भिजतो असे गृहीत धरलेले दिसते. पोखऱ्याजवळच्या लुम्ले येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तिथून सरळ रेषेत ६० किलोमीटरहूनही कमी अंतरावर, अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्या मागे असलेल्या जोमसोमला तो ३०० मिलिमीटरच्या आसपास असतो. महाबळेश्वर आणि माण यांच्यातील फरक आपल्याला ठाऊक आहे. इथे डोंगराची भिंत कितीतरी पट उंच आहे, एवढेच. त्यामुळे वरचे मुस्तांग आणि डोल्पो या भागांत पायी फिरणाऱ्यांसाठी हाच हंगाम चांगला मानला जातो.

अडचण आहे ती तिथे पोहोचण्याची. बेनीहून जोमसोमला जाणारा रस्ता पावसात वारंवार बंद पडतो. पोखऱ्याहून जोमसोमला जाणारी विमाने सकाळीच उडतात, कारण दुपारी कालीगंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. आणि पोखऱ्यावर ढग असतील तर ती सलग काही दिवस रद्द होऊ शकतात. २९ मे २०२२ रोजी याच मार्गावर झालेल्या अपघातात विमानातील २२ जण दगावले, त्यांत ठाण्याचे चौघे होते. तेव्हा उड्डाण रद्द झाल्यास चिडू नये, घाईने जीप ठरवून रात्री निघू नये, आणि परतीच्या प्रवासाआधी किमान दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. ज्याला एवढे दिवस काढता येत नाहीत, त्याने जूनमध्ये काठमांडूच्या खोऱ्यातच राहावे.

आपल्या आईवडिलांविषयी मात्र माझे उत्तर स्पष्ट आहे : जूनमध्ये नेऊ नका. मुक्तिनाथ जोमसोमच्या पुढे, ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे श्वासाचा त्रास सुरू झाला तर लगेच खाली उतरता आले पाहिजे, आणि नेमकी तीच वाट पावसात बंद असू शकते. त्यांना ऑक्टोबरमध्ये न्या, आणि जाण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.