शंभर थेंब रक्ताचा हिशेब एकदाचा करूनच टाकू

माझा भाचा नागपुरात नंदनवनला रूम करून राहते, नीटची तयारी करून राहिला. मागच्या रविवारी घरी सावजी मटण केलं होतं तं पोट्टा नुसती पोळी चावत बसला. चेहरा उतरलेला, डोळ्याखाली काळं. लय खोदून विचारलं तेव्हा मोबाईल पुढे केला. 'वीर्यरक्षणाचे वैज्ञानिक फायदे' नावाचा तोच फॉरवर्ड, माझ्याही तीन ग्रुपवर येऊन गेलेला, मी न वाचता उडवला होता. आणि त्याच्या भरवशावर यानं रोडच्या कडेच्या तंबूतून अठराशे रुपयांची पुडी आणली, मेसचे पैसे होते ते.

मी धंतोलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, वीर्याचे सॅम्पल मायक्रोस्कोपखाली पाहणं हेच माझं काम, त्यामुळे असलं काही वाचलं की डोकं फिरते.

मुद्दा एक म्हणे 'शंभर थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य बनते.' बरं, करू हिशेब. एका वेळी साधारण ३ मिली वीर्य पडते. गुणिले शंभर म्हणजे ३०० मिली रक्त. रक्तदानाची बॅग ३५० मिलीची असते आणि ती दिल्यावर पुरुषाला ३ महिने परत रक्त देऊ देत नाहीत. मग तं प्रत्येक नवरदेव हनिमूनवरून स्ट्रेचरवरच परत यायला पाहिजे ना बे!

वीर्यात रक्त नसतेच. दिसलंच तं रिपोर्टात आम्हाला वेगळं लिहावं लागते, कारण ते बरोबर नाही. शुक्राणू बनतात वृषणातल्या बारीक नळ्यांत, एक तयार व्हायला सत्तर दिवसांच्या आसपास लागतात, मग ते वृषणाला चिकटून असलेल्या एपिडिडिमिस नावाच्या नळीत मुरतात, ही नळी उकलली तर ६ मीटरच्या आसपास भरते आणि राहते मात्र बोटाच्या पेराएवढ्या जागेत गुंडाळून. पण वीर्यात या शुक्राणूंचा वाटा शंभरात फार तर पाच. दोन तृतीयांश पाणी येते मूत्राशयामागच्या शुक्राशय नावाच्या दोन पिशव्यांतून, त्यात फ्रुक्टोज साखर असते, आणि उरलेलं बहुतेक प्रोस्टेटमधून. ग्रंथीतून पाझरलेला रस आहे तो, लाळेसारखा. आपल्या नागपुरात लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून दिवसभर थुंकत असतात, लाळ गेली म्हणून अशक्तपणा आला असा एक तरी पाहिला काय? (खर्र्यानं कॅन्सर होते, ती गोष्ट वेगळी.)

'साठवलं तर चेहऱ्यावर तेज येते.' साठत नाही भाऊ. जे वापरलं नाही ते शरीर जिरवून टाकते. तपासणीसाठी आम्ही २ ते ७ दिवसच थांबून यायला सांगतो, कारण महिनाभर दाबून ठेवणाऱ्याच्या स्लाइडवर मेलेले आणि जागच्या जागी लटपटणारेच जास्त दिसतात.

स्वप्नदोषावर, म्हणजे झोपेत वीर्य जाण्यावर, चार पॅरे लिहिले त्या फॉरवर्डवाल्यानं. वयात आलेल्या पोरांना होते, बस. नावातच दोष घालून ठेवला तं पोरं घाबरतीलच. आणि 'एक गोटी खाली, एक वर म्हणजे नसा कमजोर', अरे बहुतेकांची तशीच असते, जास्त करून डावी खाली.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मनावर दगड ठेवून. गरमी वाईट, हे त्यानं खरं लिहिलं. वृषण पोटाबाहेर लटकतात ते त्यासाठीच, त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ डिग्री थंड लागते. तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप ठेवला तं फरक पडू शकते. पण तिथून या शहाण्यानं उडी मारली ती थेट 'म्हणून अंडी, मटण बंद' वर. थर्मामीटरची गरमी वेगळी न्‌ मसाल्याची वेगळी, एवढंही समजत नाही? माझ्या घरचं सावजी वाया गेलं ते यामुळे.

मग पोट्ट्याला थकवा काहून आला? तो खोटं नव्हता बोलत. डॉ. नरेंद्रनाथ विग या आपल्याच मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये याला 'धात सिंड्रोम' नाव दिलं. वीर्य गेलं, आता संपलो, या धास्तीनंच झोप उडते, अंग गळते, अभ्यासात मन लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, दहाव्या आवृत्तीत, ते नाव आहे, आणि नोंद मनाच्या आजारांच्या भागात आहे. म्हणजे थकवा खरा, पण तो आणला असल्या फॉरवर्डनीच.

हे सगळं एकवेळ हसण्यावारी नेलं असतं, पण शेवटची ओळ वाचून मी उठून उभाच राहिलो. 'अंडकोषात अचानक दुखल्यास वीर्य साठले समजावे, कोमट तेल लावावे, डॉक्टरांकडे जाऊ नये.' कोणत्या माणसानं लिहिलं हे! वृषणाला रक्त पोचवणारी दोरी असते, ती कधी कधी पिळा पडल्यासारखी फिरते न्‌ रक्त बंद होते. या वयाच्या पोरांतच जास्त. साधारण ६ तासांत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर वृषण वाचायची चांगली आशा असते, जितका उशीर तितकी कमी, मग काढून टाकावं लागते. पोरगं लाजेनं तेल चोळत बसलं तं संपलंच.

भाच्याला सांगून ठेवलं, पुडी कचऱ्यात टाक, आणि असं कधी दुखलं तं रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लाव. मी गाडी काढतो, नंदनवनहून मेडिकल कॉलेजचा दवाखाना काही दूर नाही.