अंगणवाडीचे पैसे आईच्या खात्यात? आधी हिशेब मांडू

एक संदेश सध्या गावच्या, नातलगांच्या, निवृत्त शिक्षकांच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राज्याच्या तिजोरीवर ताण आहे, लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० रुपये मिळतातच, मग अंगणवाड्या कशाला पोसायच्या? खिचडीचे पैसेही आईच्या खात्यात टाका नि केंद्रं बंद करा. इतक्या वर्षांत कुपोषण हटलं नाही, आणि सेविका दोन तास बसून मानधन घेतात.

माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती, तेव्हा मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पण एकेक मुद्दा तपासूनच बोलते.

"खिचडीचे पैसे खात्यात टाका." किती पैसे? २०१७ साली केंद्राने ठरवलेला दर साधारण बालकामागे दिवसाला ८ रुपये, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे महिन्याला २०० रुपये. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात मुळात ठरवलं होतं की त्यात मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. अंगणवाडीत ते जमतं, कारण धान्य घाऊक येतं आणि तीस मुलांचं एका पातेल्यात शिजतं. एकटी आई किराणा दुकानात २०० रुपये घेऊन गेली तर महिन्याची तूरडाळही नीट येत नाही. शिवाय खात्यातले पैसे घराचे होतात. पेरणी तोंडावर असली, सासऱ्यांचं औषध संपलं असलं, तर ते तिकडे जातात, आणि त्यात आईला दोष देता येत नाही. ताटात वाढलेली खिचडी मात्र त्या मुलाच्याच पोटात जाते.

"लाडकी बहीण आहेच." ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पहिलटकरणी आपल्याकडे कमी आहेत का? त्यांना ते १,५०० मिळत नाहीत. अंगणवाडीत मात्र गरोदर आणि स्तनदा मातेचं वय विचारून आहार नाकारत नाहीत. मी थेट पैशांच्या विरोधात मुळीच नाही. बाईच्या हातात पैसा हवाच. पण पैसा मुलाचं वजन करत नाही.

खरा मुद्दा इथेच आहे. संदेश लिहिणाऱ्याला अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी वाटते. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती सहा सेवांसाठी: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, शालेयपूर्व शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याची माहिती. आमच्या वाडीतलं एक पोर दोन महिने वजनात तसूभर वाढलं नव्हतं. घरचे म्हणायचे, बापासारखंच काटकुळं आहे. सेविकाताईंनी दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, ती लाल रंगात आली, म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्याही आत, तीव्र कुपोषण. मग ताई आणि माझी आई तीनदा त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा कुठे आजी त्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायला तयार झाली. बँकेचा मेसेज हे काम कसं करणार?

"कुपोषण हटलं नाही." हे निम्मं खरं आहे, आणि ते मलाही बोचतं. २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांत महाराष्ट्रातली साधारण ३६ टक्के मुलं कमी वजनाचीच आढळली. पण त्याआधीचं पान उलटून पाहा. २००५ साली औरंगाबादेत कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. सेविका-पर्यवेक्षिकांची रिकामी पदं भरणं आणि बाळाच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष देणं यावर त्याचा भर होता. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ साली ३९ टक्के होतं, ते २०१२च्या राज्यव्यापी पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आलं. कारणं बरीच होती, मान्य. पण माणसं भरली तेव्हा आकडा खाली आला, हे विसरून चालणार नाही. तामिळनाडूतही ३२० अंगणवाड्यांच्या एका अभ्यासात काही ठिकाणी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली, तर तिथे मुलांचं शिकणं सुधारलं आणि खुरटेपणही घटलं.

"दोन तास बसतात." गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं, पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवर नोंदी, सर्वेक्षणं हे सगळं कोण करतं? लाडक्या बहिणीचे अर्जसुद्धा गावोगाव याच ताईंनी भरून घेतले! डिसेंबर २०२३मध्ये संप झाला तेव्हा सेविकेचं मानधन १०,००० रुपये होतं आणि मदतनिसाचं ५,५००. घरी न्यायच्या आहाराची (टीएचआर) पाकिटं बेचव असतात, कुठे कुठे ती गुरांपुढे जातात, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी पाकीट बदला, स्थानिक बचत गटाला काम द्या.

राहिला कायदा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना स्थानिक अंगणवाडीतूनच मोफत आहार द्यायचा, असं स्पष्ट लिहिलंय. काटकसर म्हणून कुणाला अंगणवाडी बंद करता येणार नाही. कात्री लागते ती गुपचूप: पद रिकामं ठेवायचं, आठ रुपयांचा दर वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा, भाड्याच्या खोलीचं भाडं थकवायचं. अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला विचारायचंच असेल तर हे तीन प्रश्न विचारा: आपल्या तालुक्यात सेविका-मदतनिसांची किती पदं रिकामी आहेत, आहाराचा दर महागाईला कधी जोडणार, आणि थकलेलं भाडं कधी मिळणार?