मानसिकता नंतर, आधी मशीन चालवू द्या

विद्यार्थी नव्या तंत्रज्ञानाला का तयार नाहीत, यावरच्या एका लेखात पहिलं कारण 'मानसिकता' दिलंय. नाही पटलं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची पोट्टी मोबाईलवर व्हिडिओ पाहून पीएलसीचं (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) लॅडर लॉजिक, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग शिकतात. पण कॉलेजच्या लॅबमधलं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन वर्षभर कव्हरखाली. बिघडलं तर दुरुस्तीला पैसे कुठले, म्हणून हात लावू देत नाहीत. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यांत मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न, चालवलंय का? २०२१च्या यूजीसी नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करता येतात, हे किती प्राध्यापक सांगतात? आणि इंटर्नशिप बिनपगारी असली तर नागपुरातल्या खोलीचं भाडं कोण भरणार? कापसाचा भाव पाहता बापाकडं मागायची सोय नाही.