अरांचाचा 'न' गेला कुठे?

परवा इटालियनच्या वर्गात फळांची नावं चालली होती. 'अरांचा' म्हणजे संत्रं. शेजारची मुलगी पुटपुटली, "हे तर आपलं नारिंग! मग न कुठे गेला?" वर्गात हशा पिकला, पण पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं.

न गेला उच्चाराच्या घाईत. या नामाआधी 'ऊना', म्हणजे 'एक', लागतं. 'ऊना नरांचा' भराभर म्हणून बघा. दोन्ही न एकमेकांना चिकटतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा 'ऊना'चाच न. झालं, फळ बोडकं! गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही हेच 'ऊना' आहे, पण तिथे 'नारांखा' शाबूत राहिलं. व्हेनिसच्या बोलीनेही न सोडला नाही.

इटालियनच्या मागे अरबी नारंज, त्यामागे फारसी नारंग, त्यामागे संस्कृत नारंग. अरबांनी इटलीच्या सिसिली बेटावर नेलं ते आंबट-कडू नारिंग. गोड संत्रं तिकडे रुजलं 15व्या-16व्या शतकात, आणि त्यात पोर्तुगीजांचा हात मोठा. म्हणून नेपल्सच्या बोलीत संत्रं म्हणजे 'पुर्तुआल्लो', पोर्तुगालवालं!

इथवर सांगितलं की कोणीतरी काका सुरू होतातच, "बघा, सगळं आपल्या संस्कृतातूनच." काका, जरा दमानं. संस्कृतातही हा शब्द बहुधा द्राविडी भाषांतून आलाय. केरळात आजही 'नारंगा' मागितलंत तर हातात लिंबू पडेल.

आपलं 'संत्रं' पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आलं असंही छातीठोक सांगतात. मला नाही पटत. 1498 साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तिकडे उत्तरेत बाबर आपल्या आठवणींत 'संगतरा' लिहून मोकळा. इतक्या झटपट गावाचं नाव फळाला चिकटून आग्र्यापर्यंत पोचलं? मोसंबीचं मोझांबिक मात्र मला मान्य.

सिसिलीत तर 'अरांचा'वरून अजून जुंपलेली असते. भाताचा गोळा, आत खिमा, वरून पावाचा चुरा. तळला की हुबेहूब संत्रं. पालेर्मोवाले त्याला 'अरांचीना' म्हणतात, स्त्रीलिंगी. कातानियावाले 'अरांचीनो', पुल्लिंगी. 2016 साली इटालियन भाषेवर काम करणाऱ्या फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने दोन्ही बरोबर म्हणून सांगितलं, तरी भांडण मिटलेलं नाही. माझं मत पालेर्मोला. फळाला म्हणता 'अरांचा', झाडाला 'अरांचो'. मग तळून खाताय काय, झाड?